सुटकेची तारीख

१४ जून २०२२. मंगळवार होता. सकाळी साडेदहाच्या सुमारास आमची गाडी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील एका संघीय तुरुंगाच्या पार्किंगमध्ये येऊन थांबली. बारापर्यंत हजर व्हायचे होते. गाडीत आम्ही चौघे. माझे बँकेतले एके काळचे शाखाधिकारी, ज्यांना मी आजही ‘साहेब’च म्हणतो, त्यांचा मुलगा, सून आणि मी. माझी मुलगी फिलाडेल्फियाजवळ राहते. त्या उन्हाळ्यात मी तिच्याकडे होतो, म्हणून साहेबांनी सोबतीला बोलावले होते.

मुलाने घड्याळ काढून बायकोच्या हाती दिले. बोटातले साधे लग्नाचे वळे तेवढे ठेवले. खडा नसलेले वळे चालते, असे पत्रात लिहिले होते. चष्मा, वकिलाचे कागद आणि डॉक्टरचे प्रिस्क्रिप्शन एवढेच सामान. तो फाटकाकडे चालू लागला तेव्हा साहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, ‘अरे, पावती देतील ना?’

मला हसूही आले नाही आणि रडूही आले नाही. ज्या माणसाने छत्तीस वर्षे काहीही कुणाच्या हाती सोपवताना पावती घेतली, त्याने पोटचा मुलगा सोपवताना दुसरे काय विचारायचे?

साहेबांच्या परवानगीने हे लिहितो आहे. नावे, गावे मुद्दामच गाळली आहेत. आणि मुलगा निर्दोष नव्हता, हेही आधीच सांगतो. कोविडच्या काळात, मार्च २०२० मध्ये, अमेरिकी सरकारने छोट्या उद्योगांना पगार भागवण्यासाठी कर्जे देण्याची योजना काढली. पैसे पगारावर खर्च केले तर कर्ज माफ. मुलाची आणि त्याच्या भागीदाराची छोटीशी फर्म होती. दोघांनी नोकरांची यादी फुगवली, खोटी पगारपत्रके जोडली आणि पैसे उचलले. पकडले गेल्यावर दोघांनी गुन्हा कबूल केला. दोघांना एकाच दिवशी, एकाच न्यायाधीशाने शिक्षा सुनावली : छत्तीस महिने आणि नुकसानभरपाई. ज्या बापाने उभ्या आयुष्यात पगारपत्रक तपासल्याशिवाय कर्जाच्या अर्जावर सही केली नाही, त्याच्या मुलाने हे करावे! त्यावर साहेब एकदाच बोलले, ‘माझ्या टेबलावर अर्ज आला असता तर मी पहिल्या पानावरच पकडला असता.’ त्यानंतर तो विषय त्यांनी काढला नाही.

पण मला आज सांगायचे आहे ते गुन्ह्याविषयी नव्हे. त्या फाटकाच्या आत काय होते आणि माणूस तिथून बाहेर कसा येतो, याविषयी सांगायचे आहे. अडीच वर्षे साहेबांनी या प्रकरणाची फाइल ठेवली. पत्रे, माहितीपुस्तिका, हिशेबाचे तक्ते, सारे तारीखवार. ती मी पानन्‌पान वाचली.

अमेरिकेत तुरुंग एक नाही. बहुतेक कैदी राज्यांच्या तुरुंगांत किंवा काउंटीच्या कोठड्यांत असतात. केंद्र सरकारच्या कायद्याखाली शिक्षा झालेले मात्र १९३० साली स्थापन झालेल्या संघीय तुरुंगखात्याकडे जातात. दीड लाखाहून अधिक बंदी या खात्याकडे आहेत. कुणाला कोणत्या तुरुंगात ठेवायचे हे न्यायाधीश ठरवत नाही. तो फार तर शिफारस करतो. निर्णय होतो टेक्सासमधील ग्रँड प्रेअरी येथील एका कार्यालयात, कागदावरून. त्या कागदांतला मुख्य म्हणजे प्रोबेशन अधिकाऱ्याने शिक्षेपूर्वी तयार केलेला अहवाल. घर, शिक्षण, नोकरी, आजार, व्यसन, कर्जे, गुन्ह्याची हकिकत, सगळे त्यात. आपण कर्ज देण्यापूर्वी जो अप्रेझल रिपोर्ट करतो, तसाच. फरक इतकाच की हा रिपोर्ट कैद्याच्या मागे शिक्षेच्या शेवटच्या दिवसापर्यंत फिरतो. त्यात एखादी चूक राहिली तर ती पुढे दुरुस्त होणे महाकठीण.

मग गुण मोजले जातात. गुन्ह्याची तीव्रता, पूर्वेतिहास, हिंसा, पलायनाचे प्रयत्न यांचे गुण. वयाचेही गुण : चोवीस किंवा त्याखालच्याला ८, पंचावन्नच्या पुढे शून्य. शाळा पूर्ण केली असेल तर शून्य, नसेल तर वाढीव. स्वतःच्या पायांनी फाटकावर हजर झाला तर ३ गुण वजा. पुरुषांची बेरीज ११ पर्यंत असेल तर किमान सुरक्षेचा कॅम्प, १२ ते १५ कमी सुरक्षा, १६ ते २३ मध्यम, २४ पासून पुढे कडक. कॅम्पला बहुधा कुंपणही नसते. वरच्या पायऱ्यांवर दुहेरी कुंपण, मग कोठड्या, मग भिंती आणि मनोरे.

बेचाळीस वर्षांचा, पदवीधर, पहिलाच गुन्हा, स्वतः हजर झालेला. मुलाचे गुण कॅम्पचेच होते. भागीदाराचेही तेच. भागीदार कॅम्पमध्ये गेला. मुलगा गेला दुहेरी कुंपणाच्या आत. कारण भागीदार अमेरिकेचा नागरिक होता आणि मुलाकडे होते ग्रीन कार्ड. जो नागरिक नाही त्याच्या कागदावर एक वेगळा शिक्का बसतो, आणि तो बसला की गुण कितीही कमी असोत, कॅम्प मिळत नाही.

इथे साहेबांची दुखरी नस आहे. अनेक वर्षांपूर्वी मुलगा नागरिकत्वाला पात्र झाला होता. अर्ज भरून तयार होता. तेव्हा साहेब फोनवर म्हणाले होते, ‘पासपोर्ट बदलू नकोस रे. म्हातारपणी इकडेच यायचंय ना?’ मुलाने बापाचा शब्द मानला.

आत गेल्यावर पहिला मुक्काम आगमन-निर्गमन विभागात. तिथे बोटांचे ठसे, फोटो, डीएनएचा नमुना. अंगावरचे सारे कपडे उतरवून झडती. मुलाने वडिलांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात या झडतीविषयी एकच वाक्य होते : ‘सगळ्यांचीच होते.’ अंगावरचे कपडे खोक्यात भरून टपालाने घरी. बदल्यात खाकी गणवेश. डॉक्टरी तपासणी, क्षयाची चाचणी, मानसोपचारवाल्यांचे प्रश्न, ‘आत तुझे कुणाशी वैर आहे का’ अशी विचारपूस. आणि एक क्रमांक : पाच आकडे, आडवी रेघ, तीन आकडे. शेवटचे तीन आकडे कोणत्या जिल्ह्यातून माणूस आला ते सांगतात. आपल्या शाखेच्या कोड नंबरासारखे. कोविडचे दिवस असल्याने सुरुवातीला काही दिवस वेगळे राहावे लागले, मग बराकीत जागा मिळाली.

बराक म्हणजे एक लांबलचक दालन. छातीइतक्या उंचीच्या भिंतींनी पाडलेले खण, खणात वरखाली बिछाने, प्रत्येकाला एक लोखंडी कपाट. खालचा बिछाना हवा असेल तर डॉक्टरची चिठ्ठी लागते. दिवसरात्रीत निदान पाचदा मोजणी. दुपारी चारची मोजणी उभ्याने : प्रत्येकाने आपल्या बिछान्यापाशी उभे राहायचे, बोलायचे नाही. तिथले दुपारचे चार म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडचे रात्रीचे दीड. तिथली घड्याळे हिवाळ्यात तासभर मागे सरकली की आपल्याकडचे अडीच. ठाण्याच्या घरी साहेबांना त्या वेळेला आपोआप जाग येऊ लागली. वहिनींना म्हणायचे, ‘उभा असेल आता.’

जेवणात मांस नको असेल तर दुसरा पर्याय मिळतो. बहुधा घेवडा किंवा सोयाबीन. कैद्याच्या नावाने खाते असते. घरच्यांनी पाठवलेले पैसे आयोवा राज्यातल्या डी मॉइन येथील एका टपालपेटीच्या पत्त्यावर जातात आणि खात्यात जमा होतात. त्यातून आतल्या दुकानात साबण, टपाल तिकिटे, शेंगदाणे घ्यायचे. प्रत्येकाला काम करावे लागते. मजुरी तासाला १२ ते ४० सेंट. त्यातूनच नुकसानभरपाईचा हप्ता कापला जातो. मुलगा आतल्या वर्गात गणित शिकवू लागला. ज्यांचे शाळेचे शिक्षण पुरे झालेले नाही त्यांना निदान २४० तास वर्गात बसावेच लागते आणि शिकवणारे बरेचदा कैदीच असतात. ‘पन्नाशीचा माणूस अपूर्णांक शिकतो आणि बरोबर आला की लहान मुलासारखा हसतो,’ असे त्याने लिहिले होते. फोन एका वेळी पंधरा मिनिटे, तोही रेकॉर्ड होणारा. पंधरा मिनिटांत आईने रडायचे की बोलायचे, हे वहिनींनी शेवटी कागदावर मुद्दे लिहून सोडवले.

आता मुख्य गोष्ट. दाखल झाल्यापासून अठ्ठावीस दिवसांच्या आत कैद्याची त्याच्या युनिटमधल्या अधिकाऱ्यांबरोबर पहिली बैठक होते. केस मॅनेजर आणि समुपदेशक असतात. त्या बैठकीत सुटकेची चर्चा होते. आत येऊन महिनाही झालेला नाही आणि बाहेर जाण्याची योजना! कुठे राहणार, काय काम करणार, कोणते वर्ग लावायचे. पुढे दर सहा महिन्यांनी आढावा, शेवटच्या वर्षात दर तीन महिन्यांनी. आणि खात्याकडून एक तक्ता मिळतो. त्यावर सुटकेची अपेक्षित तारीख छापलेली असते.

हा तक्ता साहेबांनी भिंगाखाली धरून तपासला. केंद्रीय कायद्यात पॅरोल नाही. १ नोव्हेंबर १९८७ पासूनच्या गुन्ह्यांना तो बंद झाला. दयेची जागा अंकगणिताने घेतली. चांगल्या वागणुकीबद्दल शिक्षेच्या दर वर्षामागे ५४ दिवसांपर्यंत सूट. तीन वर्षांचे १६२ दिवस. छत्तीस महिने पुरे होतात १३ जून २०२५ ला. त्यातून १६२ वजा जाता तारीख येते २ जानेवारी २०२५. साहेबांनी बोटांवर मोजले, कॅलेंडरवर मोजले. ‘बरोबर आहे,’ म्हणाले. त्या दिवशी कितीतरी आठवड्यांनी ते पोटभर जेवले.

ही तारीख काय करते ते मी डोळ्यांनी पाहिले. घरात कॅलेंडर लागले. औषधे, हप्ते, नातीच्या शाळेचे वर्ष, सारे त्या तारखेभोवती बसले. तेव्हा मला आपल्याकडचे तुरुंग आठवले. ३१ डिसेंबर २०२२ रोजी भारतातल्या तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांतले ४,३४,३०२, म्हणजे शंभरातले जवळजवळ शहात्तर, कच्चे कैदी. खटला संपलेला नाही, शिक्षा झालेली नाही. त्यांच्याही घरी ‘तारीख’ हा शब्द रोज उच्चारला जातो, पण ती पुढच्या हजेरीची तारीख असते. सुटकेची तारीख त्यांच्यातल्या कुणाला सांगता येईल? ज्याला दिवस मोजता येतात तो तयारी करू शकतो. ज्याला येत नाहीत तो फक्त वाट पाहतो.

पण साहेबांच्या फाइलमध्ये पुढेही पाने आहेत, आणि ती वाचली की अमेरिकेचे कौतुक करणारी लेखणी थांबते.

डिसेंबर २०१८ मध्ये अमेरिकेने एक नवा कायदा केला. ठरवून दिलेले वर्ग आणि कामे नीट पार पाडली तर कैद्याला दर तीस दिवसांमागे १० दिवस जमा मिळतात. ज्याच्याकडून पुन्हा गुन्हा होण्याचा धोका कमी, त्याला दोन मूल्यमापनांनंतर १५ दिवस. या जमेतून एक वर्षापर्यंत लवकर सुटता येते. त्याखेरीज शेवटचे काही महिने हाफवे हाऊसमध्ये काढता येतात. २००८ पासून ही मुदत बारा महिन्यांपर्यंत असू शकते. हाफवे हाऊस म्हणजे तुरुंग आणि घर यांच्यामधली धर्मशाळा म्हणा. दिवसा नोकरीला जायचे, रात्री हजेरी द्यायची. हळूहळू शनिवार-रविवार घरी. एकदम उन्हात आणलेल्या माणसाचे डोळे दिपू नयेत, तशी ही पडवी.

भागीदाराने हे सारे घेतले. २०२३ च्या दिवाळीच्या सुमारास तो हाफवे हाऊसमध्ये आला आणि मार्च २०२४ मध्ये त्याची तुरुंगखात्याची मुदत संपली. पुढची वर्षे प्रोबेशन अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली, पण स्वतःच्या घरात.

मुलानेही तेच वर्ग केले. दिवसही तितकेच मिळवले. पण दहा हजार डॉलरवर नुकसान करणारी फसवणूक केलेल्या बिगरनागरिकाला अमेरिकेचा कायदा हद्दपारीस पात्र ठरवतो, मग तो तिथे कितीही वर्षे राहिलेला असो. वकिलाने हे कबुलीआधीच सांगितले होते. २०१० च्या एका निकालापासून अशिलाला हद्दपारीच्या धोक्याची कल्पना देणे हे वकिलाचे कर्तव्यच आहे. २०२३ मध्ये इमिग्रेशनच्या न्यायाधीशापुढे सुनावणी झाली आणि हद्दपारीचा अंतिम आदेश निघाला. ज्याच्यावर असा आदेश आहे, त्याला मिळवलेले दिवस वापरता येत नाहीत. हाफवे हाऊसही त्याच्या वाट्याला येत नाही. जमेच्या बाजूला आकडे आहेत, पण खाते गोठवलेले! हा दाखला साहेबांनी स्वतःच दिला. एकाच गुन्ह्याची, एकाच दिवशी झालेली एकच शिक्षा, आणि एक जण दुसऱ्यापेक्षा नऊ महिन्यांहून अधिक काळ तुरुंगखात्याच्या ताब्यात राहिला.

आता कुणी म्हणेल, गुन्हा केला, पाहुण्याने यजमानाच्या घरात चोरी केली, तर यजमानाने बाहेर काढले यात अन्याय कसला? हा युक्तिवाद मी टाकून देत नाही. कोणत्या परक्याला ठेवायचे हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक देशाला आहे. मला खटकते ते निराळे. शिक्षा भोगतानाचे दिवस चांगल्या वागणुकीने कमी होतात असे सांगायचे, वागणूक मोजायची, वहीत लिहायची आणि मग पासपोर्टचा रंग पाहून ती वही बंद करायची, हे हिशेबाच्या शिस्तीत बसत नाही. हद्दपार करायचेच होते, तर ते नऊ महिने आधी करता आले असते.

सुटकेच्या तयारीचा वर्गही मुलाने केला. त्यात सहा विषय : आरोग्य, नोकरी, पैशांचे व्यवहार, बाहेर मिळणारी मदत, सुटकेचे नियम आणि स्वतःची सुधारणा. अमेरिकेत घर भाड्याने कसे घ्यावे, बिघडलेला क्रेडिट स्कोअर कसा सावरावा, अर्ज कसा लिहावा. त्याने सगळ्या टिपणांची वही केली. २ जानेवारी २०२५ ला फाटक उघडले तेव्हा बाहेर सून आणि नात नव्हत्या. इमिग्रेशन खात्याची गाडी होती. तिथून दुसरी कोठडी. या कोठडीला मात्र छापील तारीख नव्हती. ज्या घरात तारखेचे कॅलेंडर लागले होते, त्या घराने ते दहा आठवडे कसे काढले ते मी लिहू शकत नाही. मार्चमध्ये तो विमानाने मुंबईला आला. हातात कागदी पिशवी, पिशवीत ती वही. ज्या गावात राहण्याची तयारी त्याच्याकडून करून घेतली होती, ते गाव त्याला परत मिळालेच नाही. अमेरिकेत परत जाण्याचा दरवाजा जवळजवळ कायमचा बंद. सून तिथेच आहे, नातीची शाळा आहे. सुट्टीत दोघी येतात.

अमेरिकेत मुले असलेली कितीतरी घरे आज महाराष्ट्रात आहेत. या घरांना मी घाबरवत नाही. लाखातल्या एखाद्यावर अशी वेळ येत असेल. पण ग्रीन कार्ड म्हणजे मालकी नव्हे, लीज आहे, एवढे आपण बापांनी समजून घ्यावे. पासपोर्टविषयीचा सल्ला मायेपोटी देऊ नये, कागद वाचून द्यावा. हे वाक्य साहेबांनीच लिहायला सांगितले आहे.

वहीतला एक धडा मात्र ठाण्यात उपयोगी पडला. नोकरी मागताना आपली शिक्षा लपवू नये, थोडक्यात आणि स्वतः होऊन सांगावी, असा तो धडा. गेल्या वर्षी पावसाळ्यात साहेब मुलाला घेऊन एका ओळखीच्या कारखानदाराकडे गेले. आधी बसायलाही नकार दिला. उभ्यानेच म्हणाले, ‘याने काय केलंय ते आधी हा स्वतः सांगेल. मग तुम्ही ठरवा.’ मुलाने चार वाक्यांत सांगितले. कारखानदार थोडा वेळ गप्प राहिला. नंतर गोदामाच्या नोंदी ठेवण्याचे काम दिले. पैशांना हात लावायचा नाही, ही अट. साहेबांना अट योग्य वाटली.

परवा त्यांच्याकडे गेलो होतो. मुलगा कामावर होता. वहिनी चहा ठेवताना हळूच म्हणाल्या, ‘हे अजून रात्री दीड वाजता उठतात. त्याच्या खोलीत डोकावून येतात आणि मग झोपतात.’